उजव्या दिव्यावरचा नारळ

लोक म्हणतात, वय झालं की माणसाचा राग निवळतो. खोटं आहे, बाप्पा. माझे केस पांढरे झाले, गुडघे चालताना बोलायला लागले, चष्म्याशिवाय सुईत दोरा जात नाही, पण राग? तो आमच्या बगिच्यातल्या संत्र्यासारखा आहे. उन्हाळा-पावसाळा पानाआड हिरवा, कच्चा बसून असतो. दसरा झाला, सकाळचं धुकं झाडांवर उतरायला लागलं, की त्याला आपोआप रंग चढतो. मग मी तो सोलते आणि फोड फोड करून खाते. कोणाला त्यातली एक फोड देत नाही.

आज सकाळी बगिच्यात गेले तर खालच्या फांद्या पिवळ्या झालेल्या. आंबिया बहार, म्हणजे थंडीच्या तोंडावर पिकणारा, यंदा बरा आहे. एक संत्र तोडून नखानं साल काढली. सालीचा तो तिखट फवारा डोळ्यात गेला, आणि पाणी भरल्या डोळ्यांनी मी पाहिलं तर चिंचेखाली आमची पिकअप उभी. जुनी आहे. रंग कधी पांढरा होता असं सांगावं लागतं. गोल डोळ्यांची, पुढून पाहिली तर एखाद्या बुढ्या मास्तरणीसारखी दिसते. उजव्या डोळ्याखाली बंपरच्या कोपऱ्याला एक चेंबलेली जागा आहे. ती जागा दिसली की माझ्या दातांखाली खडा आल्यासारखं होतं. नारळाची जागा आहे ती. सांगते.

मोहगाव आणि सौंसरच्या मधे आमचं शेत. थोडा कापूस, बाकी संत्रा. आमच्या ह्यांनी ही गाडी कोणाची तरी वापरलेली घेतली होती, आणि घेतली तेव्हापासून तिचे दिवे म्हणजे आमच्या घरातलं एक कामच होऊन बसलं होतं. माल भरून पांढुर्ण्याच्या मंडीला निघायच्या आधी हे आत बसत, मी बाहेर. आधी गाडीच्या मागं उभी राहायची, मग पुढं. आत बसणाऱ्याला आपलेच दिवे दिसत नाहीत हो. आपला दिवा लागला की नाही हे दुसऱ्यानंच सांगावं लागतं. हे ब्रेक दाबत, बटन ओढत, आणि मी ओरडायची.

"लागला का वं?"

"लागला!"

"डावा?"

"डावाबी लागला!"

"उजवा?"

"उजवा झोपला!"

"मार मग त्याले थापड. मले मारतं तशी."

"तुमाले कधी मारली मी? खोटारडे!"

तोडणीवाल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. हंगामभर रोज हेच. कापसाचे धागे बाभळीला अडकलेले, क्रेटमध्ये अंथरलेल्या तणसाचा वास, माझ्या बोटांना संत्र्याचं तेल, आणि मावळतीकडं तोंड करून गाडीपुढं उभी मी, लागला-झोपला ओरडणारी. लोकांना लग्नातली हळद आठवते, मला हे आठवतं.

गाडी चालवायलाही यांनीच शिकवली, झाडांच्या दोन ओळींच्या मधल्या वाटेवर. एक कलम मी आडवं केलं, ते म्हणाले, "असू दे, ते तसंबी खाटं लागत होतं." आणि दिवा बिघडला की गाडीपुढं उकिडवं बसून मला सांगायचे. त्यांचं सांगणं शाळेतलं नव्हतं. "करंट म्हणजे गडी समज," म्हणायचे. "सकाळी बॅटरीच्या घरून निघते, दिव्यात काम करते, अन् गाडीच्या लोखंडातून परत घरी जाते. जायची वाट पाहिजे, तशी यायची बी पाहिजे. घरी परत यायची वाट बंद झाली, तं तो शेजाऱ्याच्या घरातून घुसून येते. मग पाहा तमाशा. बटन उजव्याचं दाबाल अन् मिणमिणन डावा."

मी ऐकायची आणि विसरायची. आपला माणूस जिवंत असतो तेव्हा आपण कुठं सगळं ध्यानात ठेवतो? वाटतं, आहे की विचारायला.

मग विचारायला कोणी उरलं नाही.

हे गेले त्यानंतरचा पहिला दसरा. सकाळी उठून मी गाडी धुतली. झेंडूची माळ ओवली, आपट्याची पानं आणली, ताटात हळदकुंकू, अक्षता, नारळ. गाडीपुढं जाऊन उभी राहिले. कुंकवात बोट बुडवलं, तेवढ्यात मागून आवाज आला. भासऱ्यांचा. भासरे म्हणजे यांचे थोरले भाऊ, सगळ्यांचे दादा.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला पाहिजे. धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यांपुढं तोंड उघडं ठेवायचं नाही, आणि त्यांच्याशी थेट बोलायचंही नाही. मी या घरात आले तेव्हापासून त्यांच्याशी एक शब्द समोरासमोर बोलले नव्हते. ते एकाच ओसरीवर बसलेले असत, मी दाराआड उभी, आणि मधे आमच्या जाऊबाई. त्यांनी जाऊबाईंना सांगायचं, "धाकटीले म्हणा." मी जाऊबाईंना सांगायचं, "दादाले म्हणा." जाऊबाई म्हणजे आमच्या घरचा टेलिफोन. पण तो टेलिफोन मोठा हुशार. मी म्हणायची, "त्यायले म्हणा, डोकं ठिकाणावर हाय का," आणि जाऊबाई पलीकडं वळून सांगायच्या, "धाकटी म्हणते, जरा इचार करून पाहा."

तर त्या दसऱ्याला दादा म्हणाले, मला नाही, जाऊबाईंनाच: "धाकटीले म्हणा, थांब. हात नोको लावू गाडीले. बिनाकुंकवाच्या बाईनं गाडी पुजली तं गाडी रस्त्यात दगा देते."

जाऊबाईंनी त्या दिवशी काही बदलून सांगितलं नाही. सांगितलंच नाही. नुसतं माझ्या हातातून ताट घेतलं आणि त्यांच्या हातात दिलं. माझं बोट कुंकवानं ओलं तसंच राहिलं. पुसायचं कुठं, समजेना. पदराला पुसलं. तो डाग त्या लुगड्याला अजून आहे, आणि ते लुगडं मी मुद्दाम टाकलेलं नाही.

मग दादांनी पूजा केली. कशी केली म्हणता! बॉनेटवर सातिया, म्हणजे स्वस्तिक, काढला. दोन्ही दिव्यांच्या काचांवर कालवलेलं हळदकुंकू थापलं. आणि नारळ? नारळ सगळे जण दगडावर फोडतात. दादांनी हात वर नेला आणि उजव्या दिव्याखाली बंपरच्या लोखंडी कोपऱ्यावर हाणला. खाड्! पाणी दिव्याच्या फटीतून, जाळीतून, आत गेलं. गर्दीकडं पाहून म्हणाले, "माझ्या भावाची निशानी हाय. मलेच सांभाळा लागते."

त्यानंतर दर दसऱ्याला तेच. त्याच कोपऱ्यावर. दर वर्षी नारळ मोठा, दर वर्षी हात आणखी उंच. मी खिडकीच्या जाळीतून पाहायची. माझी गाडी, माझा चिखल, माझी माळ, पूजा त्यांची. माणूस दुःखानं झुरतं म्हणतात. मी दुःखानं नाही झुरले. मी त्या खाड् आवाजानं आतून तापत गेले. चुलीवरची तवी कशी, वरून काळी शांत दिसते.

आणि मग दोन वर्षांपूर्वीचा तो हंगाम आला.

दसऱ्यानंतर थोड्याच दिवसांत गाडीचा उजवा दिवा मंद झाला. आधी मला वाटलं माझ्याच डोळ्यात मोतीबिंदू आहे. मग भर रस्त्यात तो फडफडला. मग तर गाडी भूत लागल्यासारखी करायला लागली. उजवीकडं वळायचा इंडिकेटर द्यावा, तर डावीकडचा बारका दिवा डोळे मिचकावी. मोठा दिवा लावावा, तर दोन्हीकडं निखाऱ्यासारखा लालसर उजेड. तोडणी सुरू झालेली, दिवस बुटके झालेले. माल भरेपर्यंत सूर्य झाडांखाली जातो. रस्त्यावर ऊस-कापसाच्या बैलबंड्या, बिनादिव्याच्या सायकली. आंधळी गाडी घेऊन पांढुर्ण्याला जाणार कशी?

रस्त्यावरच्या इलेक्ट्रिशियनकडं घेऊन गेले. भला माणूस. त्यानं बल्ब बदलला, फ्यूज बदलला. एक दिवस बरं चाललं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुन्हा गेले. तो म्हणाला, "आजी, वायरिंग बुढी झाली. पुरी बदलवा लागन."

मी म्हटलं, "बावा, जरा समोरून खालून पाह्य नं, हात घालून."

तो कोपऱ्याकडं पाहून कानाला हात लावून मोकळा. "तिथं तं पूजेचं कुंकू थापलं हाय, आजी. देवाच्या जागी पाना कसा लावू?"

मी पण मान हलवली. खरंच, कुंकवावर पाना कोण लावणार? आमच्याकडं कोणीच नाही लावत. नमस्कार करतात आणि बाजूनं जातात.

घरी आले तर ओसरीवर दादा वाटच पाहत होते. जाऊबाईंकडं तोंड करून म्हणाले, "म्हटलं होतं नं मी? मालक गेला, गाडीनंबी डोये मिटले. बाईमाणसाच्या हातात गाडी टिकते का कुठं? पांढुर्ण्याचा एक जण जुन्या गाड्या घेते. त्याले देऊन टाकू. धाकटीचा माल माझ्या ट्रॅक्टरात जाईन."

जाईन म्हणे. मला लगेच दिसलं ते. माझी संत्री त्यांच्या ट्रॅक्टरमध्ये, त्यांच्या मालाच्या खाली. ते म्हणतील तेव्हा तोडायची, ते म्हणतील त्याला द्यायची. मंडीत कोणी विचारलं, बगीचा कोणाचा, तर नाव त्यांचं. आणि मी दाराआड उभी राहून जाऊबाईंना विचारायचं, दादाले म्हणा, माझा माल कधी नेता? गाडी गेली असती तर माझे पायच गेले असते. ते पाय यांनी मला झाडांच्या ओळीत, एक कलम मोडून, दिले होते.

मी दाराआडून म्हटलं, "जाऊबाई, दादाले म्हणा, शेवटची तोड होईस्तोवर थांबा. तोवर दिवे लागले नाही, तं न्या गाडी. माझी जबान आहे."

पलीकडून हसणं ऐकू आलं. "घेतली जबान," म्हणाले. तेही जाऊबाईंनाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गाडी घेतली आणि बगिच्यात पार आत, झाडांच्या मधे नेऊन उभी केली. कोणाला दिसू नये म्हणून. यांची पत्र्याची पेटी उघडली. आत पाने, तारेचे तुकडे, आणि यांनी केलेला टेस्टलाईट: एक बारका बल्ब, त्याला दोन तारा, एका तारेला चिमटा. तो हातात घेतला तर हाताला यांच्या तंबाखूचा वास आला. रडू यायला पाहिजे होतं. नाही आलं. म्हटलं, रडायला नंतर वेळ आहे, आधी या दिव्यातल्या भुताचं थोबाड फोडू.

बल्ब काढला, सरळ बॅटरीला लावून पाहिला, लख्ख. म्हणजे बल्ब निर्दोष. फ्यूज पाहिला, सलामत. मग उजव्या दिव्याच्या तारेत करंट येतो का पाहिलं. टेस्टलाईटचं एक टोक त्या तारेला लावलं आणि चिमटा त्याच दिव्यातून निघणाऱ्या काळ्या तारेला. मिणमिण. काजव्याएवढा. तोच चिमटा लांब तार जोडून सरळ बॅटरीच्या मायनसला लावला. आणि काय सांगू, बल्ब असा पेटला की झाडावरची चिमणी उडाली.

मी खालीच बसले. मातीत. कानात यांचा आवाज. जायची वाट पाहिजे, तशी यायची बी पाहिजे. करंट येत होता. त्याला परत जायची वाट नव्हती. म्हणून बिचारा उजवीकडून निघून डावीकडच्या घरातून चोरासारखा जात होता, आणि जाता जाता तिथला दिवा मिणमिणवत होता. मला अचानक आमची ओसरी दिसली. मी दाराआड, दादा पलीकडं, आणि माझा प्रत्येक शब्द जाऊबाईंच्या तोंडातून जाणारा, अर्धा विझलेला. मी इतकी वर्षं अशीच जळले की! पूर्ण उजेडानं एकदाही नाही.

ती काळी तार बोटानं चाचपत गेले. ती खाली उतरत होती, दिव्याच्या मागून, बंपरच्या उजव्या कोपऱ्यात. तिथं एका बोल्टनं ती गाडीच्या लोखंडाला बांधलेली. अर्थिंग म्हणतात त्याला. पण बोल्ट दिसतच नव्हता. दिसत होता एक लाल-पिवळा गोळा. वर्षानुवर्षांचं हळदकुंकू, त्यात नारळाच्या शेंडीचे केस, त्यात धूळ, आणि त्या सगळ्यावर हिरवी बुरशी आल्यासारखा तांब्याचा गंज. नारळाचं पाणी दर दसऱ्याला आत गेलं होतं, वाळलं होतं, खात गेलं होतं.

माझा हात लागला असता तर गाडीनं दगा दिला असता म्हणे!

मी तिथं एकटी हसले. मोठ्यानं. असं हसले की माझी मलाच भीती वाटली. मग पाना लावला. देवाच्या जागी, कुंकवावर, बिनाकुंकवाच्या बाईनं. बोल्ट कुरकुरला, मग फिरला. पॉलिश पेपरनं घासघास घासला. आधी लाल भुकटी पडली, मग हिरवी, मग खालून चांदीसारखं लोखंड निघालं. तारेचं टोक घासलं, आवळून बसवलं, वर ग्रीस चोपडलं. ती भुकटी मात्र मी फेकली नाही. घरी माझा कुंकवाचा करंडा रिकामा पडलेला होता. तो आणून सगळी भुकटी त्यात भरली. झाकण गच्च लावलं. इतक्या दिवसांनी करंड्याला काम मिळालं.

बटन ओढलं. समोरच्या संत्र्याच्या झाडावर दोन पिवळे गोल पडले, सारखे, जुळ्यांसारखे. पुढं उभं राहून कोणी ओरडलं नाही. मीच आतून हळूच म्हटलं, "लागला."

आता शहाणी बाई घरी जाऊन सांगती की, दिवे लागले, गाडी नेऊ नका. मी सांगितलं नाही. कोणालाच नाही, जाऊबाईंनाही नाही. त्या हंगामाची खरी गोडी तीच. मी गाडी फक्त दिवसाउजेडी चालवायची, संध्याकाळ झाली की तोंड पाडून परत आणायची. आणि दादा? ते पिठाच्या चक्कीवर सांगत, मारुतीच्या पारावर सांगत, रामाकोना गावच्या सोयऱ्यांना फोन करून सांगत, "धाकटीची गाडी गेली कामातून. मी म्हटलंच होतं." जेवढ्या जास्त लोकांना सांगतील तेवढं मला बरं वाटायचं. पतंगाला ढील द्यावी तशी मी त्यांना ढील देत होते. रात्री झोप गाढ लागायची. भाजी चवदार लागायची. बदला घ्यायच्या आधीचे दिवस, बायांनो, माहेरच्या दिवसांसारखे असतात.

शेवटच्या तोडीचा दिवस. क्रेट भरून झालेले, सूर्य झाडांआड गेलेला, आकाशाला संत्र्याच्या सालीचा रंग. तोडणीवाले हात धूत होते. दादा आले, बरोबर गाड्या घेणारा तो पांढुर्ण्याचा माणूस, मागं पारावरचे दोन-चार रिकामे. तमाशा पाहायला. जाऊबाई माझ्या शेजारी. मी गाडीत जाऊन बसले.

दादा स्वतःच गाडीपुढं जाऊन उभे राहिले, हात मागं बांधून. जिथं मी उभी राहायची तिथं. म्हणाले, "धाकटीले म्हणा, दाब बटन. गिऱ्हाईकालेबी दिसू दे, आपण काही लपवून नाही राहिलो."

जाऊबाई खिडकीशी येऊन पुटपुटल्या, "अवं, ते म्हणून राहिले की..."

"ऐकलं मी," म्हटलं. आणि बटन ओढलं.

दोन्ही दिवे लागले. दादांच्या धोतरावर उजेडाचे दोन गोल. ते धोतराकडं पाहत राहिले, जणू कोणी रंग उडवला.

मी डोक्यावरचा पदर काढला. खिडकीतून मान बाहेर काढली, आणि या घरात आल्यापासून पहिल्यांदा त्यांना थेट विचारलं, "लागला का, दादा?"

तोडणीवाल्यांचे हात धुवायचे थांबले. दादांनी मान जाऊबाईंकडं वळवली. "सांग तिले... लागला म्हणा."

जाऊबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मग त्यांच्याकडं. मग खाली वाकून सांडलेली संत्री वेचायला लागल्या. आमच्या घरचा टेलिफोन त्या दिवशी बंद पडला. स्वतःहून.

"मले ऐकू नाही आलं," मी म्हटलं. "मलेच सांगा."

"...लागला."

"कोणता?"

"दोनी."

"उजवाबी? जिथं तुमी नारळ फोडता तोच नं?"

मी उजवा इंडिकेटर दिला. टकटक, टकटक, उजवाच मिचकला. डावा गप्प. मग डावा दिला. "आता कोणता?" "डावा." "जोरानं सांगा, इंजिनचा आवाज हाय." "डावा!" पारावरच्या कोणाला तरी हसू फुटलं. मग मी अप्पर मारला. अप्पर म्हणजे दिव्याचा वरचा, लांबचा झोत. तो सरळ त्यांच्या तोंडावर गेला. त्यांनी डोळ्यांपुढं हात धरला.

"हात खाली घ्या, दादा. पाहून सांगा. माझ्या हातानं गाडी दगा तं नाही देऊन राहिली?"

भासऱ्यांनी आपलं तोंड पाहू नये, ही रीत. ती मी मोडली असं कोणी म्हणू नये. त्या उजेडात त्यांना माझं तोंड मुळीच दिसत नव्हतं. मला मात्र त्यांचं सगळं दिसत होतं. नाकावरचा घाम, थरथरती मिशी, सगळं. इतकी वर्षं मी जाळीतून पाहिलेला माणूस, पहिल्यांदा पूर्ण उजेडात. केवढासा होता!

गाड्या घेणारा म्हणाला, "बाई, गाडी तं चांगली हाय. काहून विकून राहिल्या?"

"मी नाही विकून राहिली," मी म्हटलं. "विकणाऱ्याले विचारा. तो समोर उभा हाय."

क्रेट बांधले, गाडी काढली. जाता जाता जाऊबाईंच्या हातात करंडा दिला. "दादाले द्या. म्हणा, तुमच्या पूजेचा प्रसाद हाय, सगळ्या दसऱ्यांचा. उजव्या दिव्याच्या मुळातून काढला. जपून ठेवा." जाऊबाईंनी तो निरोप एक अक्षर न बदलता पोचवला, असं मला नंतर समजलं. दादांनी तो करंडा उघडला, वास घेतला, आणि त्या दिवशी जेवले नाहीत म्हणे. मी पांढुर्ण्याला मंडीजवळ गरम भजी खाल्ली. दुसऱ्यांदा मागून खाल्ली.

रस्ताभर माझ्यापुढं दोन पिवळ्या वाटा पळत होत्या. बाभळी, बंड्या, मैलाचे दगड, सगळे आपलं तोंड दाखवून जात होते. तेव्हा मात्र रडले. यांच्यासाठी.

आता लोक समजावतात. लेक फोनवर म्हणते, "आई, झालं न आता, बुढे झाले ते, माफ कर." कीर्तनाला गेले तर तिथंही तेच. मी मान हलवते. पण एक गोष्ट मला कोणी सांगितली नाही: माफी कुठून द्यायची? त्यांनी मागितली असती तर तिला यायला वाट असती. मागितलेलीच नाही. आलीच नाही ती, तर परत काय पाठवू? आणि खरं सांगू का, मला द्यायचीही नाही. देवानं माणसाला एखादा राग म्हातारपणी ऊब घ्यायला देऊन ठेवलेला असतो. काहींना नातवंडं असतात. मला हा आहे.

यंदाही दसऱ्याला पूजा मी केली. बोट कुंकवात बुडवलं, बॉनेटवर सातिया काढला, दिव्यांच्या काचा कोरड्या फडक्यानं पुसल्या, बोल्टला ग्रीस लावलं, आणि नारळ दूर, विहिरीच्या दगडावर फोडला. दादा ओसरीवरून पाहत होते. जाऊबाई त्यांच्या शेजारी बसून सुपारी कातरत होत्या. खोबरं पहिल्यांदा दादांनाच दिलं, हातावर, थेट.

आज पहिली गाडी भरायची आहे. लिहिता लिहिता ऊन उतरलं. काठीचा आवाज येतोय, ठक, ठक. ते आले. त्या हंगामापासून माल भरला की दिवे तपासायला त्यांनाच बोलावते. दुसरं आहे कोण घरात, दिवे पाहून-समजून सांगणारं मोठं माणूस? जाऊबाई बोलावणं करून येतात आणि ते येतात. न येऊन करतील काय, सगळं मोहगाव विचारील, काहून नाही आले? गाडीपुढं जाऊन उभे राहतात, काठी टेकून, डोळे आधीच बारीक करून.

मी आत बसले. पदर खांद्यावर. बटनाकडं हात नेला, तेवढ्यात बाहेरून घाईघाईनं आवाज आला:

"लागला, लागला! दोनी लागले!"

मी हात मांडीवर ठेवला. खिडकीतून मान काढली.

"अजून दाबलंच कुठं, दादा? उभे राहा. पाहून सांगा."